रुमालाखालचा सौदा

पाडवा उलटला की आमच्या कामोठ्याच्या सोसायटीच्या गेटवर एक टेम्पो येऊन उभा राहतो. 'थेट बागेतून तुमच्या दारात' असा फलक, पुठ्ठ्याच्या खोक्यांची उतरंड आणि भोवती आमच्या बिल्डिंगमधल्या बायका. आंबा देठाकडून हुंगायचा, अंगठ्याने हलकेच दाबायचा आणि मग नाक मुरडून भाव पाडायचा, हे सगळं दुसऱ्या मजल्यावरच्या माझ्या गॅलरीतून दिसतं. मी खाली जात नाही. मला आंबा आवडत नाही असा सोसायटीत समज आहे आणि तो मी मोडत नाही. आंबा मला आवडतो. पण पुठ्ठ्याच्या खोक्यातल्या आंब्याला मी ओळखत नाही. माझ्या डोक्यात आंब्याचा जो वास बसला आहे त्यात आंबा निम्माच. बाकीचा भाताचा पेंढा, ओलसर लाकूड, ट्रकचं डिझेल आणि उन्हात वाळून पुन्हा भिजलेल्या सदऱ्याचा घाम. तो वास आमच्या घरात मार्चअखेरीस यायचा आणि जूनमध्ये जायचा. अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, अंगावरून यायचा. एका वर्षी तो दादाच्या अंगावरून यायला लागला.

आंब्याचा हंगाम तो माझ्याही धंद्याचा हंगाम. मी एका शाळेत समुपदेशक आहे. दहावी-बारावीची मुलं आणि त्यांचे आईबाप एप्रिल-मेमध्ये माझ्या खोलीबाहेरच्या बाकावर रांगेने बसतात. मी त्यांना कल चाचणी देते. आवड कशात, गती कशात, बाजारात मागणी कशाला, असे तीन गोल काढते आणि ते जिथे एकमेकांवर येतात तिथे पेनाने टिचकी मारून म्हणते, इथे बघा. लोक बघतात. माना डोलावतात. एखादी आई फोनने त्या गोलांचा फोटो काढते. मी हे काम मनापासून करते, त्यात खोट नाही. पण त्या गोलांवर पेन टेकवताना दर हंगामात एकदा तरी मला पेंढ्याचा वास येतो आणि मी बोलता बोलता थांबते. मुलांना वाटतं, मॅडम विचार करतायत.

अण्णा फळबाजारात माथाडी होते. बाजार मुंबईहून वाशीला हलला, त्याच्यामागे आम्हीही कोपरखैरण्याच्या कॉलनीत आलो. गाव पाटणकडचं. कॉलनीतल्या आमच्या ओळीत बहुतेक सगळे सातारचे, त्यातही निम्मे आमच्याच खोऱ्यातले. शहर तेव्हा नुसतं आखलेलं होतं. सेक्टरला नंबर होते आणि सेक्टर नव्हते. रुंद रस्ते होते, त्यांवर दिवे होते आणि दिव्यांखाली म्हशी बसलेल्या असायच्या. कुठे शाळा येणार, कुठे बाग येणार, कुठे स्मशान येणार, हे सगळं म्हणे नकाशावर ठरलेलं होतं. इतकं ठरलेलं गाव मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि त्यात राहायला आलेली आमच्यासारखी न ठरलेली माणसंही.

दादाला त्या नकाशाचं वेड होतं. विलास त्याचं नाव, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा. रविवारी तो मला सायकलवर पुढच्या दांड्यावर बसवून कुठलंही अर्धवट बांधकाम बघायला न्यायचा. बेलापूरला, नेरूळला, जिथे खांब उभे असतील तिथे. इतर मुलींचे भाऊ त्यांना भेळ खायला न्यायचे. मला मात्र सळया दाखवल्या जायच्या. "नंदे, हा खांब बघ. याच्यावर काय येणार ते याला आधीच माहीत असतं. म्हणून तो एवढा जाड." मला कळायचं नाही, ढुंगण दुखत असायचं, पण तो बोलत असताना त्याचा चेहरा बघायला आवडायचा. घरी कॅलेंडरचं पान उलटलं की जुन्या महिन्याच्या पाठीवर तो पेन्सिलीने घरं काढायचा. वरून बघितल्यासारखी घरं, दाराला चतकोर गोल. आई म्हणायची, ह्या घरास्नी भिंती हायती, माणसं कुटंयत? तो म्हणायचा, माणसं नंतर येतात.

त्याला सिव्हिल इंजिनिअर व्हायचं होतं. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. त्यासाठी त्याने अकरावीला सायन्स घेतलं होतं आणि आमच्या ओळीत सायन्स घेतलेला तो एकटाच होता. बारावीची परीक्षा संपली, आणि पाडव्यानंतर आठवड्याभरात अण्णा पडले.

ट्रक खाली करताना त्याच्या मागच्या बाजूला टेकवलेल्या फळीवरून चढ-उतार करावी लागते. फळीवर पेंढा सांडलेला होता. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पेट्या, त्यामुळे पायाखालचं दिसत नाही. पाय आपला आपण फळी ओळखतो. त्या दिवशी अण्णांच्या पायाने ती ओळखली नाही. पेटी फुटली आणि आंबे गटारापर्यंत घरंगळले. टोळीतली माणसं अण्णांना उचलायला धावली तर ते म्हणाले, आधी आंबं गोळा करा. ही गोष्ट कॉलनीत पुढे कौतुकाने सांगितली जायची. मला तिचा तेव्हाही राग यायचा आणि आजही येतो.

डॉक्टरने सांगितलं, मणका दुखावलाय, ओझं बंद. किती दिवस, असं आईने विचारलं. डॉक्टर म्हणाला, बघू. आमच्यासारख्यांच्या घरात 'बघू'चा अर्थ लगेच कळतो.

आता इथे टोळीचा रिवाज सांगायला हवा, नाहीतर पुढचं कळणार नाही. माथाडी एकेकटा काम करत नाही, टोळी काम करते. मजुरी टोळीची, वाटणी सारखी. टोळीत माणसं ठरलेली आणि प्रत्येकाच्या छातीवर पितळेचा बिल्ला. माणूस आजारी पडला, गावाला गेला, तर त्याच्याच घरातलं कुणीतरी बदली म्हणून उभं राहायचं. भाऊ, पुतण्या, मुलगा. तसं कुणी उभं राहिलं तर जागा त्याच घराची राहायची. नाही राहिलं, तर टोळीला माणूस लागतोच. मग दुसऱ्या घरचा माणूस यायचा आणि एकदा आलेला माणूस जात नसे. कागदावरचा नियम काय होता मला माहीत नाही, कागद कुणी वाचला नव्हता. रिवाज सगळ्यांना पाठ होता. आणि त्या जागेत अण्णांचं काय नव्हतं? दवाखाना होता, दिवाळीचा बोनस होता, म्हातारपणाचा आधार होता, कॉलनीतली खोली त्या जागेमुळेच मिळाली होती. अण्णांना त्यांच्या बापाने जमिनीचा तुकडा दिला तो दरडीने गेला. त्यानंतर त्यांना आयुष्यात जी एकच गोष्ट घट्ट सापडली ती ही.

तेव्हा दादाने उभं राहायचं ठरलं. फक्त हंगामापुरतं. निकाल लागायला अवकाश होता, पोरगं घरी रिकामंच होतं, अण्णांची पाठ तोवर बरी होईल. हे इतकं सरळ होतं की त्यावर कुणी बोललंही नाही. पहाटे अण्णा उठायच्या वेळी दादा उठला. आईने अण्णांच्या डब्यात त्याला भाकरी बांधली. अण्णांची चुंबळ त्याने घेतली.

पहिल्या आठवड्यात तो घरी आला की जेवताना त्याची मान वाकडी असायची. सरळ होतच नव्हती. मी हसले होते. तोही हसला. म्हणाला, मी आता सगळं तिरकं बघतो, शहराचा नवीन अँगल. मानेवर आधी फोड आले, मग फुटले, मग तिथे घट्टा धरला. आई रोज खोबरेल चोळायची.

एकदा मी त्याचा डबा द्यायला बाजारात गेले. तोवर मी बाजार आतून पाहिला नव्हता. छताखाली ऊन अडलेलं, पण उकाडा अडलेला नाही. पायाखाली पेंढा आणि कागदाची कात्रणं. माणसं 'हॉऽऽ' करत वाट मागत पळतायत, कारण डोक्यावर ओझं असलं की चालायला जास्त त्रास होतो, पळायला कमी. आणि एका गाळ्यासमोर मी ते बघितलं. दलाल आणि गिऱ्हाईक समोरासमोर उभे, दोघांचे हात एका रुमालाखाली. चेहऱ्यावर काही नाही. रुमालाखाली बोटं दाबली जात होती. एकाने मान हलवली, पुन्हा बोटं, पुन्हा मान. मग रुमाल उचलला आणि सौदा झाला. एक शब्द नाही. बाजूला एक कोकणी माणूस उभा होता, पायात धुळीच्या चपला, रात्रभर ट्रकमध्ये बसून आलेला. दादा म्हणाला, आंबा त्याचा आहे. मी म्हटलं, मग भाव त्याला माहीत नाही? दादा म्हणाला, त्याला शेवटी कळतो.

मला ते फार गमतीचं वाटलं. घरी येऊन मी आणि मैत्रिणी कितीतरी दिवस रुमालाखाली बोटं दाबून चिंचांचे सौदे करत होतो.

मे महिन्यात वाशीच्या एका हॉलमध्ये मेळावा होता. 'दहावी-बारावीनंतर काय?' अशा मेळाव्यांचं तेव्हा पेव फुटलं होतं. दादाला जायचं होतं आणि अण्णा म्हणाले, मी पण येतो. कमरेला पट्टा बांधून, धुतलेला लेंगा आणि टोपी घालून ते रिक्षात बसले. एरवी ते रिक्षात कधी बसायचे नाहीत. मी हट्टाने गेले. हॉलमध्ये पंखे होते, सगळ्यांना सरबत होतं. स्टेजवर टाय लावलेले एक गृहस्थ होते, बोलणं गोड. त्यांनी फळ्यावर शिडी काढली. म्हणाले, आधी सगळ्यात वरची पायरी ठरवा, मग एकेक पायरी खाली या, म्हणजे आज कुठली पायरी चढायची ते कळेल. करिअर हा अपघात नसावा, आराखडा असावा. दादा वहीत शिडी काढून घेत होता. त्याच्या वरच्या पायरीवर त्याने काही लिहिलं नाही, नुसता दाराचा चतकोर गोल काढला.

शेवटी प्रश्न विचारा म्हणाले. कुणी कॉम्प्युटरचं विचारलं, कुणी हॉटेल मॅनेजमेंटचं. आणि अण्णा उठले. उठायला त्यांना वेळ लागला, पुढच्या खुर्चीची पाठ धरून उठले.

"सायेब, पोरगा चार वर्सं शिकंल. चांगलंच हाय. पर तवर जागा कुणी धरायची?"

साहेबांना कळलं नाही. त्यांनी विचारलं, कुठली जागा, होस्टेलची का? हॉलमध्ये हशा पिकला. अण्णाही हसले, कारण सगळे हसतायत तर आपणही हसावं असं त्यांना वाटलं असणार. साहेब भला माणूस होता, त्याने हात वर करून हशा थांबवला आणि म्हणाला, काका, शिक्षण ही गुंतवणूक असते, धीर धरावा लागतो. टाळ्या पडल्या. अण्णा बसले. दादा मान खाली घालून वहीतली शिडी गिरवत राहिला, इतकी की पान फाटलं.

परतताना रिक्षातून कोपरखैरणे दिसायला लागल्यावर अण्णा म्हणाले, "माणूस चांगला हाय. पर त्येला कुणी कधी जागा धराय लावली नसंल."

आज त्या साहेबाच्या जागी मी उभी असते. माझ्याकडे शिडीऐवजी गोल आहेत, एवढाच फरक. अण्णांच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडेही नाही, आणि हे मी खूप शिकून, खूप पुस्तकं वाचून सांगते आहे. वरची पायरी ठरवून खाली यायचं, हे ज्याच्या शिडीचे पाय जमिनीवर टेकलेत त्याचं काम. अण्णांच्या पायाखाली फळी होती. अशा माणसाला पुढचं दिसत नाही असं नाही. त्याला दिसतं. पण पुढे बघायला मान वर केली की डोक्यावरची पेटी पडते. आमच्या लोकांच्या भाषेत माणूस नोकरीला 'चिकटतो'. आम्ही त्यावर हसतो. खरं तर दरडीवर उगवलेल्या माणसाने दुसरं काय करायचं?

मात्र मला अण्णांचा फार राग येतो, तोही इथेच सांगते. त्यांचं म्हणणं होतं, शिक्षण काय, कधीपण घेता येतं. जागा एकदा गेली की गेली. ते अगदी शपथेवर सांगावं तसं सांगायचे. आणि नेमकं उलटं झालं.

जूनमध्ये दादाचा निकाल लागला. कॉलनीत पेढे वाटले, टोळीने त्याला खांद्यावर घेतलं, ज्या खांद्यांवर पेट्या असायच्या त्याच खांद्यांवर. आंबा संपला. अण्णांची पाठ बरी झाली नव्हती, ते भिंतीला धरून संडासला जायचे. मग याद्या लागल्या आणि दादाचा नंबर सरकारी कॉलेजात सिव्हिलला लागला, गावाकडच्याच बाजूला. आई म्हणाली, बघा, देवाने गावाजवळ दिलं. ती दोन दिवस खूश होती. दादाने कॅलेंडरच्या पाठची सगळी घरं एकत्र करून, घडी न पडेल अशी, गुंडाळी करून ठेवली.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ज्ञानूतात्या घरी आले. टोळीचे मुकादम, अण्णांच्या गावचे, लहानपणी दोघे एकाच बैलाच्या शेपटीला धरून पोहायला शिकलेले. वाईट माणूस असता तर बरं झालं असतं, कुणावर तरी बोट ठेवता आलं असतं. तात्यांनी आमच्यासाठी हंगाम संपल्यावरही जागा राखली होती, टोळीची बोलणी खाल्ली होती. ते पाटावर बसले. आईने चहा दिला. तात्यांनी पावसापाण्याचं विचारलं, गावच्या देवळाच्या पत्र्याचं विचारलं, माझी शाळा विचारली. अण्णा भिंतीला टेकून पडले होते, त्यांनी गावच्या पत्र्याचं सांगितलं. आई तांदूळ निवडत होती आणि निवडलेलेच पुन्हा निवडत होती. दादा दाराशी बसला होता. कॉलेजचं कुणी काढलं नाही. जागेचंही कुणी काढलं नाही.

चहा संपला. तात्यांनी कप उपडा ठेवला आणि अण्णांकडे बघून म्हणाले, "मग? कसं?"

अण्णा छताकडे बघत होते. म्हणाले, "हुबा ऱ्हाईल."

तात्यांनी दादाकडे बघितलं नाही. आईनेही नाही. मी बघितलं. तो दाराच्या चौकटीवर बोट फिरवत होता, चौकटीचा कोपरा मोजल्यासारखा. मग तो म्हणाला, "बरं."

एवढंच. भांडण नाही, रडारड नाही. अण्णांनी असंही सांगितलं नाही की एक वर्ष थांब, पुढल्या वर्षी जा. ते पुढे आईने म्हणायला सुरुवात केली आणि मग आम्ही सगळेच म्हणायला लागलो. कप विसळताना माझ्या डोळ्यांपुढे तो रुमाल आला. ज्याचा आंबा तो बाजूला उभा होता. दिवाळीच्या आत बिल्ला दादाच्या छातीवर आला. पुढल्या वर्षी कॉलेजचा विषय निघाला नाही. संध्याकाळच्या कॉलेजात त्याने कॉमर्सला नाव घातलं, तिथे तो पहिल्या तासाला झोपायचा आणि शिपाई त्याला उठवायचा. एका वर्षाने तेही सुटलं. कॅलेंडरच्या गुंडाळीवर आईने माळ्यावरची गोधडी ठेवली होती. मी खूप वर्षांनी ती गुंडाळी काढायला गेले तर झुरळांनी खाल्लेली.

अण्णा पुढे बरीच वर्षं जगले. चालायला लागले, देवळात जायला लागले. दादाच्या छातीवरचा बिल्ला बघून त्यांना खरंच समाधान वाटायचं. पोराला चिकटवला, म्हणायचे. आणि मी शिकले. बारावी, बी.ए., मग मानसशास्त्र. घरात एकाने जागा धरली की दुसऱ्याला हात मोकळे मिळतात. माझ्या प्रत्येक फीच्या वेळी दादा बाजारातून थेट यायचा, तसाच, अंगाला पेंढा चिकटलेला, आणि कॉलेजच्या कारकुनासमोर उभा राहायचा. मला त्याची लाज वाटली नाही कधी. पण आनंदही झाला नाही. आपली फी कुठल्या सिव्हिलच्या खांबातून कापून येते आहे, हे मला त्या वयातही समजत होतं.

आणि ती जागा. ती कायमची, न हलणारी जागा. हळूहळू बाजारातला माल बाजारात यायचाच कमी झाला. बाग ते सोसायटीचं गेट, मध्ये कुणी नाही. लाकडाची पेटी गेली, पुठ्ठा आला, पुठ्ठा हलका, तो टेम्पोवालाच उतरवतो. दादाच्या टोळीतल्या म्हाताऱ्यांच्या जागा रिकाम्या राहायला लागल्या आणि त्या धरायला कुणाची भांडणं होईनात. माझ्या गॅलरीखाली उभा असलेला तो टेम्पो, 'थेट बागेतून', तो दादाच्याच पोटावर उभा असतो. खाली न जाण्याचं माझं कारण हे आहे. बायकांना कसं सांगायचं?

दादा आता पन्नाशीला आला. पाठ अण्णांसारखी झाली आहे, तशीच डावीकडे कललेली. सीवूड्सला स्टेशनावर भलामोठा मॉल उभा राहिला. एकदा त्याच्याबरोबर रिक्षाने तिथून जात होते. मला वाटलं आता तो काहीतरी बोलेल, निदान खांबांचं तरी. तो समोर, रिक्षावाल्याच्या आरशात, बघत राहिला. बाहेर मान वळवली नाही.

परवाच्या रविवारी मी घणसोलीला त्याच्याकडे गेले. दर हंगामात एक पेटी तो माझ्यासाठी ठेवतो, लाकडाची. ती कुठून मिळवतो देव जाणे. वहिनी आंबे कापत होती. ऋषी घरी होता, दादाचा मुलगा. सिव्हिल इंजिनिअर झालेला आहे तो. दादानेच घातलं त्याला सिव्हिलला, बारावीच्या निकालादिवशी अर्ज आणून ठेवला होता. मी तेव्हा ऋषीची कल चाचणी घ्यावी असं म्हटलं होतं. दादा म्हणाला, तुझी टेस्ट-बिस्ट नको, त्याचं ठरलंय. मीही फार ताणलं नाही. सख्ख्या भावाला कोण गोल काढून दाखवणार. आता ऋषी पास होऊन घरी बसून आहे. उलवेच्या एका साईटवर सुपरवायझर होता, कॉन्ट्रॅक्टर पळाला. मग दुसरी साईट, तिथे पगारच नाही. बाकी वेळ मोबाईल.

ऋषी म्हणाला, "पप्पा, मी विचार केला. तुमचा बिल्ला मी घेतो. पवारांच्या अक्षयने घेतला ना. फंड आहे, दवाखाना आहे. कमी का असेना, फिक्स तर आहे."

वहिनीची सुरी थांबली. दादाने आंब्याची कोय चोखून ताटात ठेवली, हात पुसले.

"बिल्ला नाही आता," तो म्हणाला. "पाडव्याला टोळीत सांगून आलो, माझ्या मागं माझ्या घरचं कुणी नाही. मी आहे तोवर जागा, मग मोडली."

हे मलाही माहीत नव्हतं. वहिनीलाही नव्हतं, तिच्या तोंडावरून कळलं. ऋषी उभा राहिला. माझा हा भाचा कधी मोठ्याने बोलत नाही, तेव्हाही बोलला नाही.

"मला विचारलं का तुम्ही? सिव्हिलला घातलं तेव्हा पण नाही विचारलं. आता हे पण नाही. लाईफ कोणाची आहे?"

खोलीत पेंढ्याचा वास भरून राहिला होता. त्या क्षणी दोघांनीही माझ्याकडे बघितलं. मी ज्या गोष्टीचा पगार घेते ती गोष्ट माझ्याकडे मागितली जात होती. मला अण्णा आठवले, छताकडे बघणारे. त्यांनी जागा धरली आणि दादाला विचारलं नाही. दादाने जागा सोडली आणि ऋषीला विचारलं नाही. दोघांनीही ते प्रेमापोटीच केलं, यात मला शंका नाही, आणि म्हणूनच मला रडू यायला लागलं.

दादा चिडला नाही. ऋषीकडे जरा नवलानेच बघत म्हणाला, "असं म्हणता येतं, हे मला तेव्हा सुचलंच नाही रे."

मग त्याने भिंतीला टेकून पाठ जरा सरळ केली, मेळाव्यात अण्णा उठले होते तितक्याच सावकाश, आणि म्हणाला, "बरोबर आहे तुझं. मग आता विचारतो. तुला काय करायचंय?"

आमच्या घरात हा प्रश्न मोठ्याने विचारलेला मी पहिल्यांदा ऐकला. ऋषीने तोंड उघडलं. त्याचे डोळे काहीतरी शोधत फिरले, इथे, तिथे, ताटातल्या सालींवर, माझ्यावर, बंद टीव्हीवर. वहिनी वाट बघत होती. मीही बघत होते. खाली कुणीतरी बराच वेळ स्कूटर चालू करत होतं.

"आता मला काय माहीत," तो शेवटी म्हणाला.

दादा त्याच्याकडे बघत राहिला. मग त्याने ताट पुढे ओढलं, एक फोड उचलली, खाल्ली नाही, परत ठेवली.

"बरं," म्हणाला.